बिळात धन्याचा आवाज पोचत नाही

सांगलीहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. लांबलचक आहे, म्हणून थोडं आवरून देतो:

"आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात मी, हे, नऊ वर्षांची मुलगी आणि सासू-सासरे. दीड वर्षापूर्वी जॅक रसेल टेरिअरचं पिल्लू आणलं. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, 'मिनी जॅक' आहे, फुटाच्या वर जाणार नाही, केस एकदम बारीक. म्हणून नाव ठेवलं टिल्लू. आज टिल्लू १४ इंच उंच आहे आणि त्याला चक्क दाढी आली आहे. आमची फसवणूक झाली का? त्याहून मोठा त्रास म्हणजे तो ऐकत नाही. कुकरची शिट्टी झाली की आतल्या खोलीतून धावत येतो, पण खाली आवारात 'टिल्लू, ये' करून घसा कोरडा पडला तरी मान वळवत नाही. सोफ्याचा एक कोपरा उकरून फोम बाहेर काढलाय, सासूबाईंच्या कुंड्यांची तर वाटच लावली. शिकवायला येणारे सर म्हणतात, हट्टी आहे, दोन फटके दिल्याशिवाय सुधारणार नाही. उलट सासूबाई त्याला आमच्या तासगावच्या मळ्यातले बेदाणे भरवतात. सासरे म्हणतात, मळ्यातच नेऊन बांधू, उंदरांपासून राखण तरी होईल. आणि मुलीला आता सोबतीला ससा हवाय. काय करू?"

ताई, तुमच्या पत्रातले बाकीचे प्रश्न निवांत बघू. बेदाणे आजपासून बंद. ते वाक्य वाचलं आणि मी चहाचा कप खाली ठेवला. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात. एखादा मूठभर खाऊन टुणटुणीत राहतो, दुसऱ्याला थोडक्यानंच बाधतं, आणि आपला कुत्रा कुठल्या गटातला हे आधी कळायला काहीच मार्ग नाही. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल याला कारणीभूत असावं असा अलीकडचा कयास आहे. चिंचेतही तेच असतं, तेव्हा चिंचसुद्धा नको. सासूबाईंना दोष देऊ नका. ज्या तालुक्यात पाहुण्याच्या हातावर आधी बेदाणे ठेवतात, तिथे घरच्या कुत्र्याला ते विष आहे हे कुणाच्या मनात येणार? त्यांना भाजलेले फुटाणे द्या, गाजराचे तुकडे द्या, लाड चालू राहू देत. गुपचूप डबा फस्त झालाच, तर उलटी-सुस्तीची वाट न बघता तडक डॉक्टर गाठायचा. आणि इतके दिवस खातोय म्हटल्यावर या आठवड्यात रक्त तपासून मूत्रपिंडं कशी आहेत तेही बघून घ्या.

आता फसवणूक. विकणाऱ्यानं 'मिनी' म्हणून तुम्हाला गुंडाळलं हे खरं, कारण या जातीत मिनी, टॉय वगैरे असा कुठलाही मान्य प्रकार नाही. पण दाढीवाला, १४ इंची टिल्लू म्हणजे भेसळीचा माल, असं मात्र समजू नका. खरं सांगायचं तर ज्या माणसावरून या कुत्र्यांना नाव पडलं, त्याला तुमचा टिल्लूच जास्त आवडला असता.

तो माणूस होता धर्मगुरू. जॉन रसेल, जन्म १७९५, इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या डेव्हन परगण्यात. लोक त्याला जॅक म्हणत. धर्मापेक्षा शिकारीची ओढ जास्त. ऑक्सफर्डला शिकत असताना, १८१९ च्या मे महिन्यात, जवळच्या मार्स्टन गावाकडे चालला होता. वाटेत एक दूधवाला भेटला, त्याच्यासोबत एक टेरिअर कुत्री. पांढरीशुभ्र, दोन्ही डोळ्यांवर आणि कानांवर गडद तपकिरी डाग, शेपटीच्या मुळाशी पेनीच्या नाण्याएवढा ठिपका. रसेलनं ती तिथल्या तिथे विकत घेतली. तिचं नाव ट्रम्प. (हसू नका, तेव्हा त्या नावाचं ओझं नव्हतं.) पुढे तो डेव्हनमधल्या स्विमब्रिज गावाचा पाद्री झाला आणि ट्रम्पपासून सुरू झालेला त्याचा टेरिअरांचा ताफा त्या भागात नावाजला. एडवर्ड राजपुत्र, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड, त्याचा स्नेही. ट्रम्पचं चित्र राजघराण्याच्या सँड्रिंगहॅमच्या वाड्यात लागलं. दूधवाल्याच्या कुत्रीनं आणखी काय मिळवायचं?

हा शब्दही समजून घ्या, कारण तुमच्या सोफ्याचा इतिहास त्यात आहे. टेरिअरचं मूळ लॅटिन 'टेरा', म्हणजे जमीन. टेरिअर म्हणजे जमिनीत शिरणारा. शिकारी कुत्र्यांचा मोठा कळप कोल्ह्याचा माग काढत धावे, मागे घोडेस्वार. कोल्हा बिळात शिरला की कळपाचं काम संपलं, घोड्यांचंही. तिथून पुढचं काम एकट्या टेरिअरचं. (जाता जाता: तिकडचा हा 'फॉक्स' इसापनीतीच्या भाषांतरांत कोल्हा झालाय, पण आपल्या माळरानावरचा कोल्हा वेगळा, तो 'जॅकल'. फॉक्सचा आपल्याकडचा नातलग म्हणजे खोकड.) टेरिअरनं आत जायचं, कोल्ह्याला गाठायचं, भुंकून-भुंकून हैराण करून बाहेर काढायचं किंवा एका जागी अडवून ठेवायचं. मारायचं नाही. आतच मारला तर वरच्यांची शिकार संपली, म्हणून रसेलला मारकुटी कुत्री नको असत. अंग पांढरं हवं, म्हणजे मातीनं माखून बाहेर आलेल्या टेरिअरला कळपातली कुत्री कोल्हा समजून फाडणार नाहीत. पाय लांब हवेत, कारण बिळापर्यंत घोड्यांच्या मागोमाग पळत पोचायचं असे. छाती मात्र अरुंद, बिळात मावेल अशी.

छातीची ती परीक्षा आजही घेतात, तुम्ही घरी करून बघा. सासऱ्यांना सांगा, टिल्लूच्या मागे उभे राहून त्याच्या पुढच्या पायांच्या अगदी मागून छातीला दोन्ही हातांचा वेढा घाला. अंगठे पाठीच्या कण्यावर, बोटं छातीखाली. मध्यम आकाराच्या हातांची बोटं एकमेकांना टेकली पाहिजेत. टेकली तर टिल्लू जातिवंत कामाचा. नाही टेकली तर आधी वजन करा. एवढे बेदाणे आणि तूप लावलेली पोळी कुठेतरी दिसणारच.

मग 'फुटाच्या आत' हे आलं कुठून? रसेल १८८३ मध्ये वारला. त्याच्यामागे कुणी या टेरिअरांना बॅजर नावाच्या रानटी जनावराच्या बिळात उतरवलं, कुणी तबेल्यातल्या उंदरांसाठी पाळलं, जो तो आपल्या सोयीनं जोड्या लावत गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांत कॉर्गी, डॅक्सहुंड असली आखूड पायांची रक्तं मिसळली. त्यातून बुटके जॅक निघाले. ही बुटकी ओळ ऑस्ट्रेलियात नीट बांधली गेली. तिथे १९७२ मध्ये त्यांचा क्लब निघाला, आणि म्हणून जगभरच्या केनेल क्लबांच्या, म्हणजे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थांच्या, महासंघाच्या कागदावर जॅक रसेलचं मूळ इंग्लंड आणि विकास ऑस्ट्रेलिया असं लिहिलेलं आहे. त्या कागदाप्रमाणे जॅक रसेल २५ ते ३० सेंटिमीटर, म्हणजे १० ते १२ इंच. उंच पायांच्या भावाला वेगळं नाव मिळालं, पार्सन रसेल टेरिअर. त्याचा नर साधारण ३६ सेंटिमीटर. पट्टी लावा: १४ इंच म्हणजे साडेपस्तीस. या नावांच्या भांडणात खुद्द इंग्लंडच्या केनेल क्लबनं पार्सनला १९९० मध्ये आणि जॅक रसेलला थेट २०१६ मध्ये जागा दिली. कामाची कुत्री ठेवणाऱ्यांचे क्लब तर १० पासून १५ इंचापर्यंत सगळ्यांनाच जॅक रसेल म्हणतात. दाढीचं म्हणाल तर केस तीन तऱ्हांचे असतात: गुळगुळीत, राठ आणि दोन्हींच्या मधले. राठ केसांचं पिल्लू लहानपणी बऱ्यापैकी गुळगुळीत दिसतं आणि मोठेपणी दाढी-मिशा फुटतात. यात लबाडी कुणाचीच नाही. लबाडी कागदात असू शकते: केनेल क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र दिलं असेल तर त्यावरचा मायक्रोचिप नंबर आणि टिल्लूच्या मानेतल्या चिपचा नंबर डॉक्टरांकडे जुळवून बघा. कागद दिलाच नसेल तर वाद घालण्यात अर्थ नाही. दीड वर्ष सोफा खाऊन घेतल्यावर तो तुमचाच झाला.

या रसेलबुवांची आणखी एक गोष्ट मला आवडते. १८७३ मध्ये इंग्लंडचा केनेल क्लब निघाला, त्याच्या संस्थापक सदस्यांत हे होते. प्रदर्शनांत फॉक्स टेरिअरांचे परीक्षक म्हणून बसत, पण स्वतःची कुत्री तिथे मांडत नसत. त्यांच्या लेखी आपली कुत्री आणि प्रदर्शनातली कुत्री यांत रानगुलाब आणि बागेतल्या गुलाबाएवढं अंतर होतं.

आता 'ऐकत नाही'. आधी एक खात्री: पांढऱ्या अंगाच्या जातींत जन्मजात बहिरेपण कधीकधी असतं. कुकरनं टिल्लूला त्यातून सोडवलं. पण हाक मारल्यावर तो भलत्याच दिशेला बघत असेल तर एक कान गेलेला असू शकतो. मग आवाजाची दिशा लागत नाही, त्याची तपासणी वेगळी करावी लागते. पत्रात मात्र तुम्ही 'मान वळवत नाही' म्हणता. म्हणजे ऐकून सोडून देतो. इथे त्याची बाजू घेतो.

बिळाची कल्पना करा. काळोख, समोर दात विचकणारं जनावर, वर सहा-सात फूट माती. धन्याचा आवाज तिथे पोचत नाही. पुढे सरकायचं की थांबायचं, भुंकायचं की मागे फिरायचं, हे कुत्र्यानं एकट्यानं ठरवायचं. मेंढपाळाचा कुत्रा दर क्षणी धन्याकडे बघतो, कारण त्याचं काम नजरेसमोर चालतं. टेरिअरमध्ये मात्र पिढ्यान्पिढ्या निवड झाली ती न विचारता ठरवणाऱ्याची आणि हाती घेतलं ते न सोडणाऱ्याची. जो वाट बघत बसला त्याची पिल्लं कुणी ठेवली नाहीत. तुमच्या आवारात जिथे टिल्लू नाक खुपसून उभा असतो, तिथे घुशीचं बीळ आहे की नाही ते बघा. असणारच. त्या क्षणी तो बिळावर ड्युटीला असतो.

आणि गंमत बघा. तुमच्या सासऱ्यांकडे जुन्या नाट्यपदांच्या तबकड्या असतील तर एखादी काढा. तिच्यावर ग्रामोफोनच्या कर्ण्यासमोर मान कलती करून 'हिज मास्टर्स व्हॉइस', म्हणजे धन्याचा आवाज ऐकणारा कुत्रा आहे ना? तो निपर, ब्रिस्टलमध्ये १८८४ च्या सुमाराचा जन्म. त्याला कुणी फॉक्स टेरिअर म्हणतं, कुणी जॅक रसेल, कुणी त्यात बुल टेरिअरचं रक्त होतं म्हणतं. भावकी एकच. त्याचं हे नाव पडलं ते पाहुण्यांच्या पोटऱ्यांना हलकेच चावायची खोड होती म्हणून. फ्रान्सिस बॅरोड या चित्रकारानं निपर मेल्यावर काही वर्षांनी ते चित्र काढलं आणि १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीनं विकत घेतलं. धन्याच्या आवाजाचं जगातलं सगळ्यात गाजलेलं चित्र एका टेरिअरचं आहे, यावर टेरिअर पाळणारे मनसोक्त हसतात.

फटक्यांचं काय ते आता तुमच्याच लक्षात आलं असेल. चावणाऱ्या कोल्ह्यासमोर मागे न हटणाऱ्या जनावराला वर्तमानपत्राच्या गुंडाळीची भीती घालणं हा वेळेचा अपव्यय आहे, आणि त्यानं उलटून चावा घेतला की पुन्हा तोच वाईट ठरणार. त्या सरांना चहा पाजून निरोप द्या.

शिकवायचं कसं, ते तुमच्या घरातच आहे. कुकरची शिट्टी त्याला कुणी शिकवली? कुणीच नाही. शिट्टी झाली की थोड्या वेळानं भात येतो, हे शेकडो वेळा घडलं आणि एकदाही चुकलं नाही. उलट 'टिल्लू, ये' म्हटल्यावर काय येतं? आंघोळ, घरी परत जाणं, नाहीतर बोलणी. मग का यावं त्यानं? खेळाच्या दुकानातून एक साधी शिट्टी आणा. पहिले तीन आठवडे ती फक्त घरात, फक्त जेवणाची थाळी खाली ठेवण्याच्या क्षणी वाजवायची. मग जिन्यात, उकडलेल्या चिकनच्या तुकड्यासह. मग आवारात, दहा मीटर दोरी लावून, आधी बिळापासून लांब. आला की तुकडा, आणि पुन्हा खेळायला मोकळा. दहादा येऊन एकदाच घरी जायचं, हे प्रमाण सांभाळा. आंघोळीसाठी ती शिट्टी कधीच नाही. रस्त्यावर मात्र पट्टा सोडायचाच नाही, शिट्टी कितीही पक्की झाली तरी. मांजर पळालं की शिट्टी बिट्टी सगळं फुकट.

उकरण्यावर बंदी घालू नका, जागा द्या. भाजीवाल्याकडून प्लास्टिकचा क्रेट आणा, आत जाड गोणपाट, त्यात ओलसर वाळू-माती, गॅलरीत ठेवा. रोज सकाळी त्यात खोल एक खेळणं आणि चार फुटाणे पुरा. पहिल्या दोन दिवशी त्याच्यादेखत पुरा. कुंड्यांवर आठवडाभर जाळी. आणि सोफ्याचा तो एकच कोपरा का, हेही बघा. आमच्या चिंगी कुत्रीनं एकदा तीन दिवस स्वयंपाकघरातली ट्रॉली उकरली. आम्ही तिला रागावलो, बाहेर कोंडलं, कडुनिंबाचं तेल लावून पाहिलं. चौथ्या दिवशी ट्रॉली ओढली तर मागे चिंध्यांच्या घरट्यात उंदराची गुलाबी पिल्लं. त्या संध्याकाळी तिला आम्ही अख्खं अंडं दिलं आणि तिनं दोन दिवस आमच्याकडे जरा वरूनच पाहिलं.

घुशींचा विषय निघालाच आहे तर सोसायटीच्या चिटणिसांना विचारा, उंदीर मारायला काय टाकतात. रक्त गोठू न देणारं विष असेल तर कुत्र्यात लक्षणं तीन-चार दिवसांनी दिसतात, तोवर सगळं ठीकच वाटतं. विषाच्या पाकिटाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, डॉक्टरांना नाव कळलं तर उपचार लगेच सुरू होतो. उंदरांच्या मुतातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा रोग होतो, तुमच्या गावाला कृष्णेच्या पुराचं पाणी नवं नाही. लेप्टोची लस दरवर्षी, पावसाळ्याआधी. आणि या जातीत डोळ्याचं एक आनुवंशिक दुखणं असतं: वयाच्या तिसऱ्या ते आठव्या वर्षाच्या आसपास भिंग जागेवरून निसटतं. डोळा अचानक लाल, दुखरा, धुरकट दिसला तर सकाळची वाट बघू नका, काही तासांत दृष्टी जाऊ शकते. त्याची जनुकीय चाचणी मिळते, एकदा करून टाका.

सासऱ्यांचा मळा. कल्पना वाईट नाही, पण 'बांधू' हा शब्द काढून टाका. साखळीला बांधलेला टेरिअर महिन्याभरात भुंकून वेडा होतो. आणि मोकळा सोडला तर द्राक्षबागेत घोणस असते. टिल्लू सापाला बघून मागे येणाऱ्यांतला नाही, तो तोंड घालणार. शेततळ्याचं तर विशेष सांगतो. प्लास्टिक कागदाच्या उतारावरून कुत्रा आत उतरतो आणि नखं लागत नाहीत म्हणून वर येऊ शकत नाही. तळ्याला कुंपण असेल तरच न्या, नसेल तर निदान दोन-तीन ठिकाणी जाड दोराची जाळी आत सोडून ठेवा. वरच्या द्राक्षांचं तर आधीच बोललो. रविवारी सासऱ्यांनी लांब दोरी लावून त्याला मळ्यातल्या शेडमध्ये न्यावं, उंदरांचा वास घेऊ द्यावा, संध्याकाळी सोबत घरी आणावं. दोघांनाही व्यायाम. घर सुटून मळ्यात राहायला मात्र नको. ब्रिटनमधल्या २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात जॅक रसेलचं सरासरी आयुर्मान तपासलेल्या अठरा जातींत सगळ्यात जास्त निघालं, १२.७२ वर्षं. म्हणजे तुमची लेक कॉलेजात जाईल तेव्हाही टिल्लू दारात उभा असेल.

ससा नको. "लहानपणापासून एकत्र वाढवले तर?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा येतो. टिल्लू आता लहान नाही, आणि ससा एकदा दचकून पळाला की पुढचं तुमच्या मुलीच्या डोळ्यांसमोर घडेल. दोष कुणालाच देता येणार नाही. तिला ससा आवडतो कारण तिला काहीतरी स्वतःचं सांभाळायचं आहे, तर टिल्लूची शाळा तिच्याकडे द्या. बुटांचे सहा रिकामे खोके घ्यायचे, दोन्ही बाजूंनी कापून एकाला एक जोडायचे, झालं बीळ. टिल्लूला बाहेर थांबवून तिनं आत कुठेतरी फुटाण्यांची डबी लपवायची आणि मग "शोध!" म्हणायचं. आठवड्यानं बिळाला एक वळण द्यायचं, मग दोन. संध्याकाळी वीस मिनिटं हे झालं की रात्री सोफ्याकडे बघायलाही त्याच्यात जोर उरत नाही. डबी मात्र फिरकीच्या झाकणाची घ्या. दाबाचं झाकण त्याला दुसऱ्याच दिवशी उघडता येईल.